चुकीच्या उत्तराची तालीम

दिपालीने अश्लेषाच्या बाकाच्या कोपऱ्यावर खडूने बारीकशी फुली मारली. उद्या चूक इथून व्हायची होती.

“नीट लक्षात ठेव. मी फरशीवर दोरीचा चौरस करेन. मग तीच दोरी ओढून लांबट आयत करेन आणि विचारेन, आतली जागा कमी झाली, वाढली, की तेवढीच राहिली? तू काय म्हणशील?”

“तेवढीच राहिली,” अश्लेषा म्हणाली.

“का?”

“कारण दोरी तीच आहे.”

“मग साहिलचा गट आत मुलं उभी करून मोजेल. चौरसात जास्त मावतील, आयतात कमी. मग तू...”

“जरा विचार करायचा आणि म्हणायचं, पटलं.”

“विचार करताना खाली पाहा,” मागच्या बाकावर अवघडून बसलेले श्रीधर सर म्हणाले. “हनुवटीवर बोट ठेव. लगेच पटलं म्हणू नकोस. पाहुण्यांना वाटेल, आधी सांगून ठेवलंय.”

आधी सांगून ठेवलेलंच होतं, आणि ही चौथी तालीम होती. पण मुख्याध्यापकांना हे कोण सांगणार? श्रीधर सर आता मुख्याध्यापक असले, तरी मुळात मराठीचे शिक्षक आणि तीस वर्षं शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवणारे. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा साधं ‘उपस्थित’ म्हणायलासुद्धा पुढे येऊन, मान वर करून म्हणतो, असं नागपुरातल्या इतर शाळांतले लोक चेष्टेने म्हणत. सरांना त्याचा राग येत नसे. उलट बरं वाटे.

दिपाली या शाळेत येऊन दुसरंच वर्ष होतं. काटोलकडच्या शेतकरी घरातली मुलगी. सहावीला गणित शिकवायची. दिवाळीनंतर तिने एक दिवस वर्गातल्या रांगा मोडल्या, बाकं समोरासमोर लावली आणि सहा-सहा मुलांचे गट केले. त्यानंतर तिने उत्तरं सांगणंच सोडलं. मूल काही म्हणालं, की बरोबर नाही, चूक नाही, नुसतं विचारायची, “कशावरून?” मग बाकीचे तुटून पडायचे. वाद, आरडाओरडा, बाकं सरकवल्याचे आवाज. आणि नेमकी श्रीधर सरांची खोली त्या वर्गाच्या बरोबर खाली. स्टाफरूममध्ये शामलाताईंनी तर तोंडावरच विचारलं होतं, “दिपाली, वर्ग आहे का इतवारीचा बाजार?” पालकसभेत तक्रार आली, ती आणखी गमतीची. मॅडम काही शिकवतच नाहीत, पोरांनाच विचारतात.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दिपालीला बोलावून सरळ सांगितलं, की प्रशिक्षण संस्थेतल्या सुरुची मॅडम गुरुवारी शाळा पाहायला येणार आहेत. त्यांना तुमचा तास आवडला, तर तुमची बाकं जशी आहेत तशी राहतील, मग पालकांशी काय बोलायचं ते मी पाहीन. नाहीतर शुक्रवारी सकाळी सगळं परत रांगेत. आणि त्या रांगा तुम्हीच लावून घ्यायच्या.

“चालेल सर,” दिपाली म्हणाली होती.

“मग तालमी करू.”

“तालीम नको सर. मुलं तिथल्या तिथे विचार करतात, त्यातच...”

“गॅदरिंगला तालीम असते ना? मग तासालाच का नको?”

इथे तिने पुन्हा एकदा ‘नको’ म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तो वर्ग हातचा जाईल या भीतीने गप्प बसली, आणि गप्प बसल्याबद्दल गेले चार दिवस स्वतःवरच चिडलेली होती. तालीम ठरली तशी पहिली अडचण समोर आली. चुकीचं उत्तर कोण देणार? कोणीतरी चुकल्याशिवाय बाकीच्यांनी समजावणार कोणाला? पण पाहुण्यांसमोर चुकायला एकही मूल तयार होईना. शेवटी दिपालीनेच अश्लेषाला विचारलं. वर्गात पहिली येणारी, धीट मुलगी. ऐनवेळी गडबडणार नाही. अश्लेषा ‘बरं’ म्हणाली आणि पहिल्याच तालमीत तिने ‘दोरी तीच आहे’ असं काही ठासून म्हटलं, की सरांनी टाळी वाजवली.

बुधवारची ती तालीम आटोपून दिपाली फाटकाशी आली, तर अश्लेषाचे वडील रुपराव स्कूटरला टेकून उभे होते. तिला पाहून सरळ झाले.

“मॅडम, एक विचारू का? पोरीनं काही केलं का?”

“नाही जी. काहून?”

“मंग चुकीचं उत्तर तिलेच काहून देऊन राहिले तुम्ही? वर्गात पहिली येते पोरगी. मोठ्या मॅडम येणार, अन् त्यायच्यासमोर आमचीच चुकणार?”

“भाऊ, ते नाटक आहे. कोणाले तरी चुकावंच लागते.”

“मंग नाटकात तिले राणी करा ना.”

दिपालीला हसू आलं. रुपरावांना नाही आलं. ते हेल्मेटचा पट्टा उगाच उघडझाप करत म्हणाले, “घरी दिवसभर तेच चालू आहे. दोरी तीच आहे, दोरी तीच आहे. तिची आई म्हणे, बरोबर तर बोलून राहिली पोरगी.”

“उद्याचा दिवस जाऊ द्या भाऊ. मग मी तिला बरोबर उत्तर देईन,” दिपाली म्हणाली. आपण काय बोललो हे तिला स्कूटर वळून गेल्यावर कळलं. बरोबर उत्तर मुलांना देत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता.

गुरुवारी सुरुची मॅडम वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्यासाठी वर्गात पुढे खुर्ची, टेबल, त्यावर फुलदाणी असा थाट केला होता. त्या तिथे बसल्याच नाहीत. मागे जाऊन खिडकीजवळच्या गटात दोन मुलींच्या मध्ये बसल्या. श्रीधर सर हातातला पुष्पगुच्छ कुठे ठेवावा या विचारात दाराशीच थांबले.

तास सुरू झाला. मधली बाकं भिंतीला लावलेली होती. चार मुलांनी दोरी चार कोपऱ्यांत धरून फरशीवर चौरस केला. साहिलच्या गटाने त्यात मुलं उभी केली, सोळा मावली. मग तीच दोरी लांबवली. दिपालीने प्रश्न विचारला. अश्लेषा उठली, फुली मारलेल्या बाकावर हात टेकवून ठासून म्हणाली, “जागा तेवढीच राहिली, कारण दोरी तीच आहे.” साहिलने मोठ्या आवाजात तिला अडवलं, पुन्हा मुलं उभी केली, बारा मावली. खिडकीजवळची मुलगी ठरल्याप्रमाणे “अरेच्चा” म्हणाली. कोणी अडखळलं नाही, कोणी मध्ये बोललं नाही. इतका गुळगुळीत तास दिपालीने आजवर घेतला नव्हता, आणि तो लवकर संपावा असं तिला मनापासून वाटत होतं.

अश्लेषाने खाली पाहिलं. हनुवटीवर बोट ठेवलं.

“पटलं,” ती म्हणाली.

दाराशी सरांनी पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेतला.

“काय पटलं, बाळा?” मागून सुरुची मॅडमनी विचारलं.

“जागा कमी झाली.”

“खरंच पटलं?”

एवढंच विचारलं त्यांनी, तेही साध्या आवाजात. पण हा प्रश्न तालमीत नव्हता. अश्लेषाने दिपालीकडे पाहिलं. दाराशी सर खाकरले. दिपालीने नुसती मान हलवली असती तर पोरगी ‘हो’ म्हणून खाली बसली असती, टाळ्या झाल्या असत्या आणि बाकं वाचली असती. दिपालीला शुक्रवारची सकाळ दिसत होती. एकामागे एक लावलेली बाकं आणि मुलांच्या नुसत्या पाठी.

“खरं असेल ते सांग वं,” ती म्हणाली. घरचं ‘वं’ पाहुण्यांसमोर तोंडातून निघून गेलं.

“नाही पटलं,” अश्लेषा म्हणाली. मग एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर ती थांबेना. “कधीच नाही पटलं, मॅडम. चारदा झालं हे. पटलं म्हणायचं असं ठरलं होतं म्हणून मी म्हणायची. पण दोरी तर तेवढीच आहे ना? लांबीकडे वाढली, तेवढी रुंदीकडे कमी झाली. मग जागा कशी जाईल?”

श्रीधर सर वर पंख्याकडे पाहू लागले.

दिपालीला आधी वाटलं, संपलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला एकदम हलकं वाटलं. हुश्श. अश्लेषा चुकीचं उत्तर किती झकास वठवते, म्हणून चारही तालमींत तिचं कौतुक झालं होतं. ते तिने वठवलेलं नव्हतंच. नाटक तिने फक्त ‘पटलं’ म्हणताना केलं होतं, आणि तिथे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“साहिलने तर आत्ता मोजून दाखवलं,” दिपाली म्हणाली. तिचा आवाज आता तिचा नेहमीचा झाला होता. “सोळाचे बारा झाले. ते कसं?”

“ते नीट उभेच नाही राहून राहिले. बाराच मावले पाहिजेत म्हणून ऐसपैस उभे राहतात.”

“ए, खोटं नको बोलू,” साहिल म्हणाला आणि मग सुरुची मॅडमकडे पाहून जरा ओशाळला. कारण ते खोटं नव्हतं.

“मग तुझं तू कर सिद्ध,” दिपाली म्हणाली आणि फळ्याकडे सरकून उभी राहिली.

अश्लेषा पुढे आली. तिने त्या लांबट दोरीत मुलं भरायला सुरुवात केली. बारा झाली, तेरावा आला. “सरक ना, बसमध्ये कसा सरकतो?” चौदावी आली. पंधराव्याने चौदावीच्या खांद्याला धरलं. सोळावा एका पायावर उभा राहिला आणि दुसरा पाय हवेत धरून म्हणाला, “मावलो.” सगळा वर्ग हसायला लागला. तालमीत असलं काही नव्हतं.

“एका पायावर नाही चालत,” साहिल ओरडला.

“काहून नाही चालत? नियम कुठं होता?”

“मग चौरसातही दाबून उभे करू. तिथं वीस मावतील.”

“कर ना मग.”

चौरसात एकोणीस मावली आणि विसाव्यावरून भांडण जुंपलं. कोणी म्हणालं, त्याची टाच बाहेर आहे. कोणी म्हणालं, बारक्या पोरांना घेतलं म्हणून मावले. खिडकीजवळच्या गटातली एक मुलगी, जिच्या वाट्याला तालमीत फक्त ‘अरेच्चा’ आलं होतं, ती बाकावर चढून म्हणाली, “पोरं लहानमोठी असतात. ती काहून मोजता? फरश्या मोजा ना. फरश्या सगळ्या सारख्या आहेत.”

दिपालीच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले. तिला बोलायचं होतं. शाबास म्हणायचं होतं, पुढचं सांगून टाकायचं होतं. तिने दोन्ही तुकडे मुठीत घट्ट धरले आणि गप्प राहिली.

फरश्या मोजणं सुरू झालं. दोरी फरश्यांच्या रेघांवर बसवायची म्हणून सगळे गुडघ्यावर आले. श्रीधर सर काय चाललंय ते पाहायला दारातून आत आले होते, त्यांना एका मुलाने पायाशी बसूनच सांगितलं, “सर, बाजूला व्हा ना, ही फरशी आमच्यात येते.” सर बाजूला झाले. चौरसात छत्तीस फरश्या आल्या. लांबट आयतात बत्तीस.

“बघ. चार गेल्या,” साहिल म्हणाला.

“तू दोरी ढिली धरली.”

“तूच धर मग.”

अश्लेषाने धरली. दात-ओठ खाऊन ताणली. बत्तीसच आल्या. ती खाली बसून दोरीकडे पाहत राहिली. या वेळी हनुवटीवर बोट नव्हतं, नखं खाणं चाललं होतं.

“अजून लांब करू,” ती अखेर म्हणाली. “अजून लांब केली तर लांबीकडून भरून निघते, पाहा तुम्ही.”

तिने ओढली. आता रुंदीला दोनच फरश्या होत्या. मोजल्या, वीस आल्या. साहिल हसला नाही, हे दिपालीने पाहिलं. तोही वाकून पाहत होता. अश्लेषाने आणखी ओढली, रुंदीला एकच फरशी राहिली. मोजायचीही गरज नव्हती. मग ती कोणाला न विचारता दोरीचं एक टोक धरून भिंतीपर्यंत मागे गेली. दोन्ही बाजू एकमेकींना जवळजवळ चिकटल्या. तिने चप्पल काढून मध्ये पाय ठेवून पाहिला. पाय मावला नाही.

“दोरी तर तेवढीच आहे,” ती हळूच म्हणाली.

तिने पाय मागे घेतला आणि पुन्हा दोरीकडे पाहिलं.

“म्हणजे जागा खरंच गेली,” अश्लेषा म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि लगेच पुन्हा कोड्यात पडला. तिने दिपालीकडे वळून विचारलं, “पण मॅडम, गेली कुठं?”

तेवढ्यात घंटा झाली. एकही मूल उठलं नाही. साहिल म्हणाला, कुठंच जात नाही, ती बाहेर राहते. दुसऱ्या कोणी म्हटलं, मग बाहेरची जागा वाढली का? आणि पुन्हा गलका सुरू झाला. आता खाली खोलीत बसून ऐकणारं कोणी नव्हतं. सर इथेच उभे होते, आणि पुष्पगुच्छ कधीच खिडकीत पडला होता.

सुरुची मॅडम मुलांच्या मधून वाट काढत बाहेर आल्या. चहाला थांबल्या नाहीत, त्यांना मौद्याला आणखी एक शाळा पाहायची होती. व्हरांड्यात त्या दिपालीजवळ क्षणभर थांबल्या.

“या महिन्यात बऱ्याच शाळा पाहिल्या,” त्या म्हणाल्या. “सगळीकडे मुलांना पटलेलंच होतं.”

आणि जिना उतरून गेल्या. याचा अर्थ चांगला की वाईट, ते दिपालीला कळलं नाही. तिने विचारायला हवं होतं, पण तोवर त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या आणि सर त्यांच्या मागे घाईघाईने चालत होते.

मधल्या सुट्टीत शिपाई सांगायला आला, मोठ्या सरांनी बोलावलंय. दिपालीने हात धुतले, तरी नखांत खडू राहिलाच. जिना उतरताना तिने मनाशी वाक्य जुळवलं. आज शाळा सुटल्यावर मीच बाकं लावून घेते सर, उद्यापर्यंत थांबायला नको. स्वतःहून म्हटलेलं बरं. वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप होत नव्हता, आणि याचंच तिला नवल वाटत होतं. पोरीला गप्प बसवून वर्ग वाचवला असता, तर उद्या त्या वर्गात कोणत्या तोंडाने ‘कशावरून’ विचारलं असतं?

सर चष्मा काढून बसले होते. चष्मा नसला की ते बरेच म्हातारे दिसत.

“बसा. ‘चारदा झालं हे’ असं पाहुण्यांसमोर सांगून मोकळी झाली पोरगी.”

“हो सर.”

“तीस वर्षं नाटकं बसवतोय मी. भर स्टेजवर कोणी असं बोलल्याचं आठवत नाही.”

“चूक माझी आहे सर. मीच तिला खरं सांग म्हटलं.”

“ऐकलं मी. दाराशीच होतो.”

दिपाली जुळवलेलं वाक्य बोलायला गेली. “सर, आज शाळा सुटल्यावर मी बाकं...”

“बाकं राहू द्या तशीच.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “आवाज होतो, सर,” ती काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाली.

“होतो ना. सवय होईल.” सर उठले, दारातून बाहेर डोकावले. व्हरांड्यात शामलाताई कोणाशी तरी बोलत उभ्या होत्या. सरांनी दार लोटलं आणि परत येऊन चष्मा लावला. “पाचव्या तासाला मी मोकळा आहे. तुमच्या वर्गात येऊन बसेन म्हणतो.”

“तास पाहायला?”

“पाहायला नाही हो.” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे ठेवला. आवाज खाली आणला. “चार तालमी बघितल्या, आजही डोळ्यांदेखत पाहिलं. मला अजून पटलेलं नाही, मॅडम. दोरी तर तीच आहे.”

दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. तिने पदराने चेहरा पुसल्यासारखं केलं.

“कोणत्या गटात बसू?” सरांनी विचारलं.

“अश्लेषाच्या,” ती म्हणाली. “ती तुम्हाला नुसतं पटलं म्हणू देणार नाही.”